दम मोजायचं यंत्र

मंगळवारी दोन वाजता
कौन्सिलच्या बाईंनी फीत कापली.
कात्री सापडेना, म्हणून तिसऱ्या कपाटातली दिली,
शंभर वर्षांपूर्वीची, नाळ कापायची.
हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

वेल्सच्या दक्षिणेला, नांतवेनच्या उतारावर
ही इमारत आधी खाणकामगारांचं वाचनालय होती.
खाण मिटली, मग वाचनालय मिटलं,
मग छपराचा एक कोपरा गेला.
आता आत सहा कपाटं, एक हीटर
आणि लेबलं लिहायला मी :
निवृत्त बसड्रायव्हर, अक्षर बरं म्हणून.

जळवांची बरणी, झाकणाला भोकं.
दात उपटायची किल्ली, जी पाहून
शाळेची पोरं आपापले गाल धरतात.
पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं;
मेरेरिडने ते हीटरला लावून पाहिलं
आणि म्हणाली, आहे, जिवंत आहे.

मधोमध, काचेबाहेर, दम मोजायचं यंत्र.
टाकीत पाणी, पाण्यात उपडा पितळी डबा,
रबरी नळीतून फुंकलं की डबा वर उचलतो
आणि काटा सांगतो छातीत किती मावतं.
'हात लावू नये' हे अक्षर माझंच.

एलुनेड प्रोबर्ट बाजूच्या दाराने आली,
समोर पायऱ्या आहेत म्हणून.
वय अठ्ठ्याऐंशी. मागे जावई, जावयाच्या डोक्यावर खुर्ची.
यंत्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली,
एखादा जुना शेजारी भेटावा
आणि त्याच्याशी बोलायचं की नाही हे ठरत नसावं, तशी.

"असल्याच एकात इडवलने फुंकलं होतं," ती म्हणाली,
"तीनदा. त्रेसष्टचा नोव्हेंबर, कार्डिफ, तिसरा मजला.
लिफ्ट बंद होती.
वर पोचला तेव्हा ओठ निळे.
डॉक्टर भला माणूस, म्हणाला, बसा, दम धरा, मग फुंका.
यानेही शहाण्या मुलासारखा दम धरला,
आणि असेल नसेल तो सगळा त्या नळीत ओतला.
काटा चांगला वर गेला.
मंडळाचं पत्र आलं : धूळ तीस टक्के,
बाकी सिगारेट."

थांबली.
"सिगारेट! चॅपलमध्ये बास गायचा तो.
आयुष्यात काडी ओढली ती चुलीसाठी."

मग जावयाने खुर्ची खाली ठेवली.
स्वयंपाकघरातली, साधी, बीचच्या लाकडाची,
हातांवरचा रंग दोन्हीकडे सारखा उडालेला.
या खुर्चीत तो नऊ वर्षं झोपला.
पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, उशीवर कपाळ.
आडवा झाला की बुडायचा.
"हेही औषधपाण्यातलंच," एलुनेड म्हणाली, "लिहून घ्या."

मी नोंदवहीत लिहायला घेतलं.
बनवणारा : माहीत नाही.
साल : लग्नाचं.
उपयोग : झोपणे. ते खोडलं.
बसणे. तेही खोडलं.
तो रकाना अजून तसाच आहे, खोडलेला.

मेरेरिड म्हणाली, समितीची बैठक एक तारखेला,
तोवर नंबर देता येणार नाही.
तोवर खुर्ची दाराशी, छत्र्यांच्या पिंपाशेजारी.
आता तिथे बसून लोक बुटाची नाडी बांधतात.
कोणी अंगावरचा कोट टाकून जातं.
दर वेळी मी उठतो, आणि सांगायचं काय
हे न सुचून परत बसतो.

गुरुवारी एलुनेड पुन्हा आली.
खुर्चीत एक लठ्ठ पाहुणा, टेकडी चढून आलेला,
तोंड उघडं, टोपी गुडघ्यावर.
मी त्याला उठवायला पुढे झालो
तर तिने काठी आडवी धरली :

"राहू दे. दम खाऊ दे त्याला."